अळिंबीच्या खोलीतील पंखा व पंप यांचा आवाज

ज्या खोलीत पूर्वी कणगी, अवजारे अथवा वैरण ठेवीत असत, तशा खोलीत हल्ली कित्येक ठिकाणी धिंगरी अळिंबीची लागवड केली जाते. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड, थोडी जागा आणि घरातील दोन माणसांची मेहनत एवढ्यावर हा धंदा सुरू होतो, म्हणून बचतगटांतील भगिनींनी तो विशेष आपलासा केला आहे. हिमाचल प्रदेशातील सोलन येथे अळिंबीवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, व पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही अळिंबीचे संशोधन चालते. अशा ठिकाणच्या प्रशिक्षणांतून काडाचे निर्जंतुकीकरण, बियाणे भरणे, तापमान व आर्द्रता यांविषयी पुष्कळ माहिती गावोगाव पोहोचली आहे. परंतु एका अडचणीविषयी सहसा कोणी बोलत नाही. ती अडचण आवाजाची होय.

अळिंबीची खोली बहुधा राहत्या घराला लागून असते. एका भिंतीपलीकडे घरातील वडीलधारी माणसे निजतात, किंवा परीक्षेस बसणारा मुलगा अभ्यास करीत असतो. दुसऱ्या बाजूस शेजाऱ्याचे अंगण असते. दिवसा रहदारी, गुरे व घरकाम यांच्या गलबल्यात पंख्याचा आवाज जाणवत नाही. रात्री दहानंतर मात्र तोच आवाज भिंतीतून घुमू लागतो. दोनचार रात्री लोक सोसतात, नंतर कोणीतरी उठून बटण बंद करते. पंखा बंद पडला हे सकाळी कळते. अशा रात्री लागोपाठ गेल्या म्हणजे त्याचा परिणाम पिकावर दिसतो.

पंखा रात्री बंद का ठेवता येत नाही

हिरव्या झाडांप्रमाणे अळिंबी दिवसा कर्बाम्ल वायू शोषून घेत नाही. ती बुरशी असल्यामुळे माणसाप्रमाणेच रात्रंदिवस श्वसन करते आणि कर्बाम्ल वायू बाहेर टाकते. बंद खोलीत हा वायू साठला की धिंगरीचे देठ लांब व बारीक होतात, छत्र्या मात्र लहान राहतात. असा माल चवीला वाईट नसतो, पण बाजारात त्याला कोणी हात लावीत नाही. पंधरावीस दिवसांची मेहनत अशा रीतीने केवळ झोपेच्या भांडणात वाया जाते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने लांब देठांची तक्रार ऐकली की खतपाण्याची चौकशी करण्यापूर्वी “रात्री पंखा चालू असतो काय?” हा प्रश्न विचारावा.

येथे एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पिशव्यांत बियाणे भरल्यापासून काड पांढऱ्या बुरशीने पूर्ण भरेपर्यंत सामान्यतः पंधरा ते वीस दिवस लागतात, व या काळात हवा खेळवण्याची विशेष गरज नसते. पिशव्या कापून उघड्या केल्यावर आणि टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसू लागल्यावर खरी गरज सुरू होते. तरीही पुष्कळ जण पहिल्या दिवसापासून पंखा अहोरात्र चालवतात. त्यात वीज जाते, खोली कोरडी पडते आणि शेजारी विनाकारण दुखावतो. शक्य असल्यास बुरशी वाढण्याची खोली निराळी ठेवावी. तेथे पंख्याचे कामच नाही.

काढणीच्या काळातही पंखा अखंड चालणे आवश्यक नसते. याचा हिशेब सोपा आहे. समजा, खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद व १० फूट उंच आहे. तिच्यात १,२०० घनफूट, म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. तासातून सहा वेळा ही हवा बदलावयाची म्हटली तर सुमारे २०० घनमीटर हवा बाहेर काढावी लागेल. पंख्याच्या पाटीवर ताशी १,००० घनमीटर असा आकडा असेल, आणि जाळी, झडपा व अडथळे धरून त्याच्या निम्मे काम प्रत्यक्षात होते असे मानले, तर २४ मिनिटांत तासाचे काम संपते. उरलेली ३६ मिनिटे पंखा विश्रांती घेऊ शकतो. ही २४ मिनिटे एकदम न घेता आठ आठ मिनिटांच्या तीन पाळ्यांत विभागावी, म्हणजे वायू साठून राहत नाही. याकरिता साधे टायमर बाजारात मिळते. वीज वरचेवर जात असल्यास आतील घड्याळ स्वतःच्या बॅटरीवर चालणारे टायमर घ्यावे, अन्यथा वीज परत आल्यावर त्याच्या वेळा चुकतात. हवा गरजेपुरतीच बदलल्याने खोलीतील ८० ते ९० टक्के आर्द्रताही टिकते आणि पाणी कमी फवारावे लागते.

ज्यांच्याकडे तीसचाळीसच पिशव्या आहेत त्यांनी तर पंख्याच्या नादी न लागलेलेच बरे. जमिनीलगत एक जाळीचा झरोका व छपराजवळ दुसरा असे ठेवले आणि सकाळसंध्याकाळ दारे उघडली, तर थंडीच्या दिवसांत एवढ्यावर भागते. वर जाणारी उबदार हवा वरच्या झरोक्यातून निघते आणि खालून ताजी हवा येते. पंखा लावणे ही काही प्रतिष्ठेची बाब नव्हे.

आवाज कोणत्या वाटेने येतो

उपाय करण्यापूर्वी आवाजाची वाट ओळखावी. आवाज दोन वाटांनी येतो. पहिली वाट हवेची: पात्यांनी कापलेल्या हवेचा घोंघाट खिडकीतून, झरोक्यातून, दाराच्या फटीतून येतो. दुसरी वाट भिंतीची व लाकडाची: यंत्राची थरथर खिळ्याबोल्टांतून चौकटीत, चौकटीतून भिंतीत अथवा पत्र्यात उतरते, व पत्रा ढोलक्याप्रमाणे वाजू लागतो. या दुसऱ्या आवाजाला गोधडी टांगून काही उपयोग होत नाही, कारण तो हवेतून आलेलाच नसतो.

ओळखण्याची रीत अशी. शेजारच्या खोलीत जाऊन भिंतीला, दाराच्या चौकटीला व छपराच्या वाशाला तळहात लावावा. थरथर लागली तर वाट भिंतीची आहे. पंपाच्या बाबतीत याहून सोपी कसोटी आहे. चालू पंपाची वीज बंद करून तो जाड गोणपाटाच्या घडीवर ठेवावा आणि पुन्हा चालू करावा. आवाज एकदम उतरला, तर दोष पंपात नसून त्याच्या बैठकीत आहे असे समजावे. आमच्या मते निम्म्याहून अधिक तक्रारी या एका कसोटीने निकालात निघण्यासारख्या असतात. नवा पंखा घेण्यापूर्वी ती अवश्य करावी.

पंख्याची गती व बैठक

हवा बाहेर फेकणारे लहान पंखे दोन गतींचे मिळतात. आपल्याकडील विजेवर एका प्रकारची मोटर मिनिटाला सुमारे १,४०० फेरे करते, दुसऱ्या प्रकारची सुमारे ९००. पंखा तोच ठेवून गती १,४०० वरून ९०० वर आणली तर हवा सुमारे दोन तृतीयांश राहते, पण आवाज साडेनऊ डेसिबलच्या आसपास उतरतो. दहा डेसिबल उतार झाला म्हणजे कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो. विजेचा खर्च याहूनही झपाट्याने घटतो, कारण पंख्याला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणून लहान व वेगवान पंख्यापेक्षा मोठा व संथ पंखा घ्यावा. दुकानदार बहुधा ‘जोराचा’ पंखा पुढे करतो. त्याच्याकडे फेऱ्यांचा आकडा मागावा.

गती कमी करण्यासाठी रेग्युलेटर लावावयाचा झाल्यास ती मोटर त्याकरिता योग्य आहे की नाही हे आधी पाहावे. काही मोटरी कमी दाबावर तापतात. गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे मोटर कित्येकदा अधिकच गुणगुणते. टप्प्याटप्प्याने फिरणारा, कपॅसिटरचा रेग्युलेटर त्या मानाने शांत असतो.

आता बैठकीविषयी. पंखा पत्र्यात किंवा पातळ फळीत बसवू नये. विटांच्या भिंतीत जाड लाकडी चौकट चुन्यासिमेंटात पक्की करावी आणि पंख्याचे कडे त्या चौकटीवर बसवताना मध्ये रबर घालावे. रबराबाबत दोन चुका सर्वत्र दिसतात. पहिली म्हणजे, टायरचा कडक तुकडा घालणे. जे रबर पंख्याच्या वजनाने अथवा बोल्टाच्या हलक्या ताणाने किंचितही दबत नाही, ते थरथर अडवीत नाही. दोनतीन मिलिमीटर दबेल इतपत ते मऊ असावे. दुसरी चूक याच्या उलट आहे. मऊ रबर घालून बोल्ट इतका आवळतात की रबर चपटे होऊन दगडासारखे बनते, आणि बोल्टाची दांडी दोन्ही बाजूंनी लोखंडाला टेकून थरथर थेट चौकटीत नेते. बोल्टाच्या दांडीभोवती रबरी नळीचा तुकडा घालावा, दोन्ही बाजूंस रबरी वायसर घालावे, बोल्ट बेताने कसावा आणि नट सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट चढवावा.

असे रबर घातल्यावर पंख्याचे लोखंड इतर सर्वांपासून तुटते. म्हणून अर्थिंगची तार पंख्याच्या अंगाला स्वतंत्रपणे जोडलीच पाहिजे, व ती थरथरीने तुटू नये म्हणून थोडी सैल ठेवावी. अळिंबीची खोली सदैव ओली असते. तेथील विजेच्या जोडणीवर गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच असावा. आवाजाच्या नादात या गोष्टीकडे दुर्लक्ष होता कामा नये.

पंखा नवा असताना शांत होता आणि दोन महिन्यांत कुरकुरू लागला, असे पुष्कळ जण सांगतात. अळिंबीच्या खोलीत याचे एक खास कारण असते. पक्व धिंगरीतून धुळीसारखे बारीक बीजाणू उडतात. ते दमट हवेत पात्यांवर चिकटून थर धरतात. एका पात्यावरील थर दुसऱ्यापेक्षा जाड झाला की पंख्याचा तोल जातो व तो थरथरू लागतो. वीज तोडून पाती दर आठवड्यास ओल्या फडक्याने पुसावी, पाते वाकले असल्यास सरळ करावे, दांडा हाताने हलवून बेअरिंग ढिले झाले आहे काय ते पाहावे. छत्रीची कड वर वळण्यापूर्वीच काढणी केली तर बीजाणू मुळातच कमी उडतात. काढणीच्या वेळी नाकातोंडावर कापड अथवा मास्क बांधावा हेही येथेच सांगितलेले बरे, कारण या धुळीने कित्येकांना खोकला व दम्यासारखा त्रास होतो.

बाहेर पडणाऱ्या हवेचे तोंड

बैठक सुधारल्यावर उरतो तो हवेचा आवाज. नऊ इंची विटांची भिंत आवाज उत्तम अडवते, पण भिंतीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला तरी ती भिंत वीस डेसिबलपेक्षा अधिक अडवू शकत नाही. दहा फूट चौरस भिंतीत हा हिस्सा एक फूट चौरसाचा, म्हणजे एका पंख्याच्या भोकाएवढा भरतो. यास्तव भिंत जाड करण्याऐवजी त्या भोकापुढे वळण द्यावे.

पंख्याच्या बाहेरील बाजूस विटांची किंवा जाड फळ्यांची पेटी बांधावी, अशी की हवा पेटीत शिरून काटकोनात वळेल आणि खालच्या तोंडातून बाहेर पडेल. शक्य असल्यास दोन वळणे द्यावी. पेटीची वाट पंख्याच्या तोंडाहून अरुंद करू नये, नाहीतर हवा कोंडून पंखाच अधिक गुरगुरतो. तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा आपल्या ओसरीकडे न ठेवता मोकळ्या परसाकडे वळवावे व त्यावर बारीक जाळी लावावी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबल उतरतो, हे तोंडाची दिशा ठरवताना लक्षात ठेवावे.

पेटीला आतून काथ्याची जाड चटई लावल्यास उंच पट्टीचा आवाज बराच शोषला जातो. मात्र उघडा काथ्या दमट हवेत ठेवला तर त्यावर हिरवी बुरशी धरते, आणि ती काडावर पसरली तर पीक गेलेच. म्हणून चटई पातळ पॉलिथिनमध्ये सैल गुंडाळून बसवावी व प्रत्येक पिकानंतर काढून पुसून उन्हात ठेवावी. पातळ पॉलिथिनमधून आवाज काथ्यापर्यंत पोहोचतो, ओल पोहोचत नाही.

खोलीच्या आत मात्र गोधड्या, स्पंज, पोती किंवा अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे भिंतीवर लावू नयेत. पुठ्ठ्याच्या ट्रेंनी आवाज अडतो हा समज सर्वत्र आहे. वास्तविक ते इतके हलके असतात की भिंतीपलीकडे जाणारा आवाज त्यांनी अडत नाही. त्यांत माश्या व बुरशी यांना घर मात्र मिळते. दाराच्या फटी रबरी पट्टीने बुजवणे याहून कितीतरी गुणकारी आहे, अर्थात ताजी हवा आत येण्याचा जाळीचा झरोका वेगळा ठेवून.

कूलर व फवाऱ्याचा पंप

उन्हाळ्यात तापमान तिशीच्या आत ठेवण्यासाठी पुष्कळ जण कूलर लावतात. त्याने गारवा व दमटपणा दोन्ही मिळतात, पण पत्र्याचा कूलर हा आवाजाचा कारखानाच असतो. तो खिडकीच्या गजांना बांधून टांगू नये. बाहेर जमिनीवर विटांचा चौथरा करून त्यावर ठेवावा, पायांखाली रबर द्यावे, आणि कूलरचे तोंड व खिडकी यांमध्ये कॅनव्हासची अथवा ताडपत्रीची सैल बाही शिवून बसवावी. हवा आत जाते, थरथर बाहीतच विरते.

कूलरच्या टाकीतील छोटा पंप पत्र्याच्या तळाला टेकलेला असतो, म्हणून त्याची गुणगुण सबंध टाकीतून ऐकू येते. त्याच्याखाली बोटभर जाडीचा मऊ रबरी तुकडा ठेवावा. पाण्याची पातळी उतरली की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो व खळखळतो. असा पंप थंड न राहिल्याने जळतोही. टाकीला तरंगत्या गोळ्याची तोटी बसवल्यास दोन्ही संकटे टळतात. क्षारयुक्त पाण्याच्या गावी पंपाच्या चक्रावर पांढरी पुटे चढतात आणि चक्र घासू लागते. पंप काढून चक्र व्हिनेगर किंवा लिंबाच्या पाण्यात भिजवून ब्रशने साफ करावे.

बारीक तुषार सोडणाऱ्या नळ्यांचा पंप निराळ्या प्रकारचा असतो. त्यात रबरी पडदा पुढेमागे होतो व पाण्याला ठोके देतो. हे ठोके नळीतून भिंतीपर्यंत जातात. म्हणून पंपाला लागून हातभर लवचिक नळीचे वेटोळे ठेवावे, आणि पुढील नळी भिंतीला कसून न ठोकता रबरी पट्टीच्या कडीत अडकवावी. पंप स्वतः भिंतीवर स्क्रूने न बसवता जाड फळीवर बसवून ती फळी मऊ रबरावर ठेवावी. कोणी फवारा बंद असतानाही पंप थोड्या थोड्या वेळाने ‘टक्’ करून सुरू होतो असे सांगेल, तर गळती शोधावी. एखादी तोटी ठिबकत असते, दाब उतरतो, आणि दाब ओळखणारा स्विच पंपाला पुन्हा जागा करतो. हा आवाज मोठा नसतो, परंतु मध्यरात्री तोच सर्वांत जास्त छळतो.

उंच टाकीतून पाणी सोडून पंप टाळता येईल काय, असे विचारले जाते. दहा मीटर उंचीवरच्या टाकीतून जेमतेम एक किलोचा दाब मिळतो. तेवढ्यावर पाणी थेंबाथेंबाने पडेल, धुके होणार नाही. थेंब अंकुरांवर पडून ते सडतात. पन्नासेक पिशव्यांपर्यंत हातपंपाचा फवारा दिवसातून दोनतीन वेळा मारणे हाच उत्तम मार्ग आहे. शंभरावर पिशव्या असल्यास पंप जरूर लावावा, पण रात्री दहानंतर त्याच्या पाळ्या कमी ठेवाव्या. रात्री हवा मुळात दमट असते.

कोणतेही यंत्र आवाजासाठी घट्ट पेटीत कोंडू नये. मोटरीला वारा लागला नाही तर ती तापते व तिचे वेष्टण जळते. पेटी करावयाची झाल्यास खाली व वर वळणाची भोके ठेवावी.

शेजारी व कायदा

देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू आहेत. त्यांनुसार निवासी भागातील आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. हलक्या आवाजातील बोलण्याहून ४५ डेसिबल थोडे कमीच भरतात. गावातील अशी तक्रार कायद्यापर्यंत जाऊ नये हेच इष्ट, तथापि आकडा माहीत असला म्हणजे दोन्ही पक्षांना बोलण्यास आधार मिळतो. मोबाइलवरील ध्वनिमापक अचूक नसतो. तरी एकाच मोबाइलने, एकाच जागी, उपायापूर्वी व उपायानंतर मोजले तर फरक विश्वसनीयपणे कळतो. दोन सारखे पंखे एकत्र चालले तर एकापेक्षा आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, म्हणून दोनपैकी एक बंद करून फारसा गुण येत नाही. दोन्ही संथ चालवावे.

कार्यकर्त्याने अशा खोलीची पाहणी दुपारी करू नये. रात्री दहाच्या सुमारास जावे, प्रथम शेजाऱ्याच्या अंगणात उभे राहून ऐकावे, नंतर घरातील निजण्याच्या खोलीत, व शेवटी अळिंबीच्या खोलीत शिरावे. सोबत पाना, सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे व रबरी वायसर असावेत. वीज तोडून बोल्ट सैल करणे, रबर घालणे, अर्थिंगची तार तपासणे व पाती पुसणे ही कामे एका तासात आटोपतात. काय फरक पडला ते शेजाऱ्यालाच बोलावून ऐकवावे. पेटी, बाही व टायमर यांचा खर्च त्यानंतर, उरलेल्या आवाजाचा अंदाज घेऊन करावा.